आमच्या घरातलं ध्यान

माझे धाकटे दीर घरात ‘ध्यान’ या नावानं ओळखले जात. हे नाव त्यांना त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी दिलेलं होतं, आणि त्याचा साधनेशी काही संबंध नव्हता. साधना पुष्कळ पुढे आली. आखूड विजार, तुटलेली बटणं, एका पायात मोजा आणि दुसऱ्यात नाही, असा मुलगा दारात येऊन उभा राहिला की ‘काय ध्यान आहे बघा’ म्हणतात, त्यातलं हे ध्यान. लग्न होऊन मी त्या घरात आले, त्या पहिल्याच संध्याकाळी ताटं मांडता मांडता सासूबाईंनी विचारलं, “ध्यान आलं का?” मला वाटलं, मांजर असावं.

परवा भावजींची शोकसभा झाली. चार जणांनी त्यांच्या सिद्धींवर भाषणं केली. त्यांना पुढचं दिसायचं, गेलेली माणसं दिसायची, दुसऱ्याच्या मनातलं कळायचं. मी पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकून घेतलं. आमच्या शाळेतल्या नन आम्हाला रोज डायरी लिहायला लावत, आणि आधी काय घडलं ते लिहा, काय वाटलं ते मागाहून, असं बजावत. ती सवय अजून सुटलेली नाही. तेव्हा काय घडलं ते लिहिते.

भावजी सडपातळ, मान जरा पुढे काढून चालणारे, आणि कान असे की माणसाच्या आधी कान खोलीत येत. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “याच्या वेळी आधी कान जन्मले, मग हा. नर्स म्हणाली, बाई, हे पोर आहे की कपबशी?” पाहुणे हसायचे. भावजीही हसायचे, फक्त त्यांचं हसणं सगळ्यांचं हसून झाल्यावर सुरू व्हायचं.

माझे यजमान थोरले. त्यांचे कान लहान, डोक्याला चिकटलेले, इस्त्री करून बसवल्यासारखे. बाकीचंही सगळं तसंच बेतशीर. शिवणयंत्रांच्या कंपनीत ते फिरते विक्रेते होते, आणि ज्या घरात कुणाला सुईत दोरा ओवता येत नसे तिथेही मशीन खपवून येत. सासूबाईंचा सगळा जीव त्यांच्यात होता. ‘माझा थोरला’ म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा आणि धाकट्याला हाक मारताना पुन्हा होता तसा व्हायचा. आई दोन मुलांत डावंउजवं करते ही काही जगावेगळी गोष्ट नाही, पण ते निदान लपवायचं असतं. सासूबाईंनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. भावजींना एक स्थळ आलं होतं. मुलीकडच्यांना चहा देता देता सासूबाईच म्हणाल्या, “बघा बाई, नंतर मला बोल लावू नका.” त्यांनी चहा संपवला आणि बोल लावायची वेळच येऊ दिली नाही. भावजींचं लग्न मग राहूनच गेलं.

ते एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्ट चालवत. तेव्हाची लिफ्ट बटणाची नव्हती. जाळीचे दोन दरवाजे, आत पितळी दांडा, दांड्याशेजारी उंच स्टूल. दांडा एका बाजूला ढकलला की वर, दुसऱ्या बाजूला ढकलला की खाली, मधे आणला की थांबायची. पण नेमकी कुठे थांबवायची ते हातावर होतं. मजला येण्याच्या किंचित आधी दांडा मधे आणावा लागे, आणि आत किती माणसं आहेत, स्ट्रेचर आहे की नाही, त्यावर ते ‘किंचित’ बदले. चुकलं की लिफ्ट फरशीच्या थोडी वर नाहीतर खाली राही आणि बाहेर काढताना स्ट्रेचरची चाकं दाणकन आदळत. पोटाला टाके घातलेल्या माणसाला ते आदळणं कुठे कुठे लागतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. भावजींच्या हातून चाकं आदळत नसत. घरी याचं कुणाला काही वाटत नसे. “शिकवला, सवरला, आणि दिवसभर वर-खाली करतो,” सासूबाई म्हणत.

त्या लिफ्टमध्येच त्यांना भन्ते भेटले. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत छापखान्याच्या वर एक लहानसं विहार होतं. तिथले हे म्हातारे भिक्खू कान दाखवायला हॉस्पिटलात येत, कारण त्यांना एका कानानं अजिबात ऐकू येत नसे. भावजींनी त्यांना लिफ्टमध्ये काय विचारलं, ते त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं.

“म्हटलं, भन्ते, नुसतं बसून बसून माणसाला हवेत उठता येतं म्हणतात. भिंतीपलीकडचं दिसतं. खरं का?”

“मग?”

“त्यांनी चांगला कान पुढे केला आणि परत विचारायला लावलं. लिफ्टमध्ये सगळे ऐकत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाले, तू दिवसभर माणसं वर नेतोस. वर गेल्यावर माणसात काय बदलतं? मी म्हटलं, मजला. म्हणाले, आणि माणूस? म्हटलं, तोच असतो. तर म्हणाले, मग उडायला शिकून काय करशील?”

मला हसू आलं. मी विचारलं, “पण भावजी, तुम्हाला उडायचं होतं कशाला?”

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “एकदाच आईसमोर उडायचं होतं, वहिनी. स्वयंपाकघरात. फार उंच नाही. ओट्याइतकं.”

आम्ही दोघंही हसलो आणि पुन्हा भाजी निवडायला लागलो.

ते रोज पहाटे विहारात जाऊ लागले. घरात त्याला ‘बसायला जाणं’ म्हणत. सासूबाईंना एक नवीनच विनोद सापडला. “दिवसभर स्टुलावर बसतं, तेवढ्यानं भागत नाही म्हणून पहाटे जमिनीवर बसायला जातं.” भावजी वर्षानुवर्षं बसले आणि जमिनीपासून बोटभरही उठले नाहीत. सुरुवातीला आपण कुठे चुकतो, असं ते भन्त्यांना विचारत. भन्ते विचारत, “पाय दुखतो का?” दुखतो म्हटलं की म्हणत, “दुखतो तेवढाच दुखू दे. त्याच्यावर तू आणखी काय रचतोस, ते बघ.”

“आणि काय दिसलं?” मी विचारलं होतं.

“आई दिसली,” भावजी म्हणाले. “म्हणजे डोळ्यांपुढे नाही. पायाचं दुखणं बघत बघत आत गेलो, तर तळाशी तीच होती. मला तिनं बघावं, असं मला वाटतं. लिफ्ट चालवताना वाटतं, जेवताना वाटतं, झोपेतही वाटतं. इतकं वाटतं हे मला माहीतच नव्हतं.”

“मग ते गेलं का?”

“नाही. पण आता येतं तेव्हा कळतं. आधी ते मला धरून ओढायचं आणि मला वाटायचं मीच चाललोय.”

मला तेव्हा हे काही फारसं पटलं नव्हतं. एवढी वर्षं बसून एवढंच पदरात पडायचं असेल, तर माणसानं झोप तरी पुरी करावी, असं मी त्यांना म्हणालेही.

मग माझे यजमान गेले. परगावी, एका लॉजच्या जिन्यात, हृदय बंद पडून. त्या गावी त्यांचं कंपनीचं काही काम नव्हतं. भावजी त्यांना आणायला गेले. सगळं आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी भावजींना स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “तिथे ते एकटे होते का?”

“नाही, वहिनी,” ते म्हणाले.

पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला वाटे. पण नंतर लोक मला सांत्वनाचं जे जे बोलत गेले, ‘तुमच्याविना त्यांचं पान हलत नव्हतं’ वगैरे, ते ऐकताना माझ्या लक्षात येई की या घरात पाय ठेवला तर खचणार नाही अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे ते दोन शब्दांचं उत्तर. सासूबाईंना त्यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं. त्यांनी विचारलंही नाही. त्यांचा थोरला कामावर असताना गेला होता.

त्यानंतर वर्षभरानं ती लिफ्टची गोष्ट झाली, जिच्यावरून लोक अजून भाषणं करतात. एका सकाळी भावजींनी तळमजल्यावर लिफ्ट थांबवली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि जाळी लावून टाकली. वर काहीतरी घासल्याचा आवाज येतोय, म्हणाले. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी चारचौघांत त्यांची खरडपट्टी काढली. दुपारी मेकॅनिक आला तेव्हा लिफ्टच्या दोरखंडाच्या काही तारा तुटलेल्या निघाल्या. झालं एवढंच. माणूस दिवसभर एकच आवाज ऐकतो आणि कधी नव्हे तो ऐकताना मन दुसरीकडे नसतं, म्हणून बदललेला आवाज त्याला कळतो. पण लोकांच्या तोंडी संध्याकाळपर्यंत तो दोर पूर्ण तुटला होता, आठवड्याभरात लिफ्ट कोसळली होती आणि भावजींनी हात वर करून ती मधेच थांबवली होती. ते पहाटे बसतात, हे कुणाला तरी माहीत होतं. मग काय विचारता.

लोक उगाच लिफ्टनं वर-खाली करू लागले. पहिल्या मजल्यावर जायचं असलं तरी रांगेत उभे राहत. कुणी त्यांच्या स्टुलाला हळूच हात लावी. कुणी कानाशी येऊन विचारी, “आमचा माणूस घरी येईल का?”

“मला माहीत नाही,” भावजी म्हणत. “कितवा मजला?”

यातूनही लोकांनी अर्थ काढला. माहीत नाही म्हणतात, पण मजला विचारतात, म्हणजे आकड्यात उत्तर असतं. खरं सांगून माणूस किती गोत्यात येऊ शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

ही कीर्ती शेजारणींकडून सासूबाईंपर्यंत पोचली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याचं नाव सुधारलं. शेजारणीला म्हणाल्या, “माझा ध्यानी मुलगा.” एक वेलांटी काय ती वाढली. भावजी दाराआड चपला काढत होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघू लागले.

ती वेलांटी कशासाठी होती, ते लगेच कळलं. रात्रीची जेवणं झाल्यावर सासूबाईंनी त्यांना पलंगाशेजारी बसवलं. थोरला गेल्यापासून त्या खचल्याच होत्या, पायांवर सूज असे, चार पावलं चाललं की धाप लागे. डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “माझे आता किती दिवस राहिलेत कोण जाणे. मला एकच सांग. माझा थोरला कुठे आहे?”

भावजींनी त्यांचा हात हातात घेतला.

“बसतोस ना एवढा? गेलेली माणसं कुठे जन्म घेतात ते दिसतं म्हणे तुम्हा लोकांना. मला त्याला भेटायचं नाही, बोलायचं नाही. कुठे आहे तेवढं बघून सांग, म्हणजे मी जायला मोकळी.”

“आई, मला दिसत नाही.”

“दिसत नाही की सांगायचं नाही?”

“दिसत नाही. मी त्यासाठी बसत नाही.”

“मग कशासाठी बसतोस?” सासूबाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं मला वाटलं.

भावजी जरा पुढे सरकले. “आपण एखाद्याला इतकं घट्ट धरतो ना, आई, ते कसं धरतो ते कळावं म्हणून. तुला हवं असेल तर मी शेजारी बसतो. श्वास येतो, जातो, नुसतं त्याच्याकडे लक्ष द्यायचं. दादाची आठवण आली तर आली म्हणायचं.”

“श्वास मोजायला मी काय फुगा आहे?” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला हात काढून घेतला.

मग सगळ्यांनी मिळून भावजींना धारेवर धरलं, आणि त्यात मीही होते. माझ्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, त्यांना खडसावलं, “अरे, सांगून टाक ना की दादा सुखात आहे. तुझ्या बापाचं काय जातंय?”

“आपल्या दोघांचा बाप एकच होता, ताई,” भावजी म्हणाले.

मी त्यांना एकट्याला गाठून समजावलं. “भावजी, एक वाक्य आहे. म्हातारं माणूस शांतपणे जाईल.”

ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हाही एक वाक्य होतं.”

मी ओटा पुसायला घेतला.

“आणि ती शांत नाही होणार,” ते म्हणाले. “तिला उत्तर नकोय, तिला दादा हवाय. उत्तर दिलं तर ती त्याच्यामागून जाईल.”

वन्संनी मग दुसरा माणूस शोधला. डोळ्यांना काळा चष्मा लावणारे एक गुरुजी, पूर्वी म्हणे चष्मेच विकत. डोंगरात बसून त्यांना दिव्य दृष्टी मिळाली होती, आणि त्यानंतर ते चष्मा काढत नसत, कारण समोरच्याला त्यांच्या नजरेचा त्रास होई. ते आमच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर मांडी घालून बसले, यजमानांचा फोटो मागून घेतला, आणि तोंड वर करून बराच वेळ थांबले. सासूबाईंना उशा लावून बसवलं होतं. त्यांचे डोळे असे झाले होते की बघवत नव्हतं.

“जन्म झाला आहे,” गुरुजी म्हणाले. “मुलगाच आहे. मोठी इमारत दिसते. जवळ पाणी. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका त्याला सांभाळतात. तेजस्वी आहे.”

“मला ओळखेल का तो?”

“झोपेत हसतो ना, ते तुमच्याकडेच बघून.”

सासूबाई रडायला लागल्या. वन्सं रडायला लागल्या. मी मागे उभी होते. माझा नवरा पुन्हा जन्मला होता, तेजस्वी होता, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका पुन्हा त्याला सांभाळत होत्या, आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी चहा करायला आत गेले.

गुरुजी गेल्यावर सासूबाई धाकट्याला म्हणाल्या, “बघ, याला एका बैठकीत दिसलं. तू जन्मभर बसलास. ध्यान ते ध्यानच.” वेलांटी गेली.

दोन दिवस त्या खरोखर आनंदात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्ता मागितला. मोठी इमारत, पण कुठली? पाणी म्हणजे नदी की तळं? वन्सं गुरुजींकडे दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा ते ध्यानात होते, दुसऱ्यांदा दौऱ्यावर गेले होते. सासूबाईंचं जेवण तुटलं. आधी त्या थोरला कुठे आहे एवढंच विचारत, आता त्यांना तो मांडीवर हवा होता. पोराला कुणी वेळेवर पाजतं की नाही, रडतं का, आईला दूध आहे का, हे बोलत बोलत त्या पहाटेपर्यंत जाग्या राहत. गेलेल्या मुलाचं दुःख त्यांनी कसंबसं सोसलं होतं. जिवंत मुलाची ताटातूट त्यांना सोसवेना.

शेवटी धाप वाढली आणि त्यांना भावजींच्याच हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. खाट खिडकीशी मिळाली. बाहेर हॉस्पिटलची मोठी पाण्याची टाकी, खाली कालवा. पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सेस येत-जात होत्या. सासूबाईंनी इमारत पाहिली, पाणी पाहिलं, नर्सेस पाहिल्या, आणि मला म्हणाल्या, “इथं बाळंतिणी कितव्या मजल्यावर असतात?”

मला त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते कळायला क्षण लागला.

भेटायच्या वेळेत, संध्याकाळी, त्यांनी हट्टच धरला. नाही म्हटलं की धाप जास्तच लागते, हे नर्सनं पाहिलं. ती म्हणाली, चाकाच्या खुर्चीत बसवून चक्कर मारून आणा. मी खुर्ची ढकलत लिफ्टपाशी आणली. भावजींनी जाळी उघडली. आत आणखी दोघंतिघं होती, ती आपण होऊन बाहेर झाली.

“वर ने,” सासूबाई म्हणाल्या. “बाळंतिणींच्या मजल्यावर.”

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी दांड्यावर हात ठेवला, पण लिफ्ट सुरू केली नाही. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“आई, तिथे दादा नाही. असला तरी मला माहीत नाही.”

“तुला कोण विचारतंय? लिफ्ट चालव.”

त्यांनी चालवली. वरच्या मजल्यावर लिफ्ट फरशीला अशी लागली की खुर्चीची चाकं कधी बाहेर आली ते कळलंही नाही. काचेपलीकडे बाळं ओळीनं ठेवलेली होती. काही झोपली होती, काही हातपाय झाडत होती. सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. पहिल्यांदा त्यांनी धाकट्यालाच विचारलं, सवयीनं किंवा शेवटची आशा म्हणून. “यातला कोणता रे?”

“मला माहीत नाही, आई.”

“याला काही दिसत नाही,” त्या शेजारून जाणाऱ्या नर्सला म्हणाल्या. “लहानपणापासून असाच.”

मग त्या एकेका पाळण्याकडे बघत राहिल्या. आणि एकदम त्यांचं बोट काचेला लागलं. “हा. हाच. वहिनीबाई, बघा.” त्या मला कधी वहिनीबाई म्हणत नसत, कुणाला म्हणत होत्या कोण जाणे. “ते कान बघा. तस्सेच कान.”

कडेच्या पाळण्यात एक बाळ होतं. लालबुंद, चिमुकलं, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठाले कान, कपबशीच्या कानासारखे बाहेर आलेले.

माझे यजमान त्यांच्या खुर्चीच्या मागे असते तर त्यांनाही हसू आलं असतं. मी भावजींकडे पाहिलं. ते आईच्या डाव्या हाताला उभे होते, हातभर अंतरावर, मान जरा पुढे काढून, आणि त्या बाळाकडे बघत होते. सासूबाईंचा चेहरा असा झाला होता की तसा मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. “माझं सोनं ते,” त्या म्हणत होत्या. “किती गोड कान आहेत. कुणाची दृष्ट न लागो.” त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, त्या कानांच्या कडेकडेनं.

भावजींनी जाऊन लिफ्टची जाळी उघडून धरली.

खाली येताना सासूबाई दमून डोळे मिटून होत्या. भावजींनी लिफ्ट हळू घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. शांतपणे नव्हेच. त्या बाळाला आणि त्याच्या आईला सकाळी घरी सोडलं होतं, ते सासूबाईंना कुणीतरी सांगितलं, आणि शेवटपर्यंत त्या खुर्ची मागत होत्या.

तेरा मजल्यांच्या त्या इमारतीत नवी बातमी पसरायला वेळ लागला नाही. लिफ्टवाल्यानं मरणाऱ्या आईला तिचा गेलेला मुलगा पुन्हा जन्मलेला दाखवला. आता मुलं गमावलेल्या बायका येऊ लागल्या. त्या लिफ्टसमोर उभ्या राहून रडत, आणि भावजी प्रत्येकीला मला माहीत नाही म्हणत. गर्दीमुळे स्ट्रेचर अडू लागली, तेव्हा व्यवस्थापनानं त्यांची तळघरात बदली केली, चादरींच्या गोदामात. ते निवृत्त झाले ते तिथूनच. लिफ्टवर नवा माणूस आला. त्याच्या हातून चाकं आदळत.

सासूबाईंना जाऊन बरेच दिवस झाल्यावर मी एकदा भावजींना विचारलं. ते माझ्याकडे दिव्याचं बटण दुरुस्त करायला आले होते.

“ते कान कुणाचे होते, ते तुम्हाला कळलं होतं ना?”

“कळलं होतं,” ते म्हणाले. स्क्रू फिरवायचं काही थांबवलं नाही.

“मग सांगितलं का नाही? त्यांच्या शेजारी उभे होतात तुम्ही.”

“ती इतक्या प्रेमानं बघत होती, वहिनी. म्हटलं, बघू दे. कान तर माझेच होते.”

मला संताप आला, त्यांच्यासाठी आला की त्यांच्यावर, ते मला आजही सांगता येत नाही. “तुम्हाला राग नाही आला?”

“आला. वर नेताना होता, खाली आणताना होता. अजून येतो.”

“मग इतकी वर्षं बसून मिळालं काय तुम्हाला?”

त्यांनी दिवा लावून पाहिला. लागला. “हेच. त्या वेळी मी तिथून उडून गेलो नाही.”

परवा शोकसभेत एक बाई माइकसमोर उभ्या राहून सांगत होत्या, की भावजींनी आपल्या आईला तिचा गेलेला मुलगा दाखवला. वन्सं माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होत्या. मी उठले. त्या आईला जो दिसायला हवा होता तो गेलेला नव्हता, तो तिच्या डाव्या हाताला उभा होता, एवढंच मला सांगायचं होतं. वन्संनी माझा पदर ओढला. “बसा वहिनी,” त्या कुजबुजल्या. “ध्यानाबद्दल चाललंय.”